बंदर आलं की उतरायचं का?

गेल्या डिसेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण सुरू झालं आणि जवळपास दोन महिने चाललं. मावशी आणि काका उन्हाळ्यात मावसभावाकडे सिॲटलला जाणार होते. तिथून अलास्काची क्रूझ करायची, इथपर्यंत एकमत होतं. पुढे दोन पक्ष पडले.

मावशीचं म्हणणं होतं, व्हँकुव्हरहून सात दिवसांची बोट धरायची, ती अलास्कात व्हिटियरला पोचली की उतरायचंच नाही. त्याच बोटीने, त्याच खोलीत, आणखी सात दिवसांनी परत व्हँकुव्हर. याला म्हणतात 'बॅक-टू-बॅक' क्रूझ, म्हणजे पाठोपाठच्या दोन फेऱ्या. काकांचं म्हणणं होतं, बोट एकाच बाजूने करायची. व्हिटियरला उतरून रेल्वे धरायची, डेनालीचे डोंगर बघत फेअरबँक्सला जायचं आणि तिथून विमानाने परत.

काका मध्य रेल्वेत चौतीस वर्षं गार्ड होते, त्यामुळे त्यांची बाजू कुठली असणार हे सांगायलाच नको. "एकच स्टेशन दोनदा बघायला कोण तिकीट काढतं?" त्यांनी ग्रुपवर विचारलं. मावशीने लगेच लिहिलं, "अहो, चौदा दिवसांत बॅग एकदा उघडायची आणि एकदा बंद करायची. तुमच्या गाडीत ती रोज कोण उचलणार? माझे गुडघे?"

मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी पुस्तकात तोंड खुपसलं. आणि लक्षात आलं, की हे भांडण आमच्या ग्रुपपेक्षा खूप जुनं आहे. समुद्रानेच जायचं, की मधे उतरून जमिनीने? हा प्रश्न मुंबईच्या धक्क्यावर दोनशे वर्षं विचारला जातोय. फक्त तेव्हा त्यात गुडघ्यांच्या जोडीला जात, पैसा, महामारी आणि साम्राज्यही होतं.

नाव खुश्कीचं, प्रवास पाण्याचा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईहून लंडनला जायचं तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. शिडाचं जहाज, केप ऑफ गुड होपची वाट, आणि वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे चार ते सहा महिने. निवड नव्हतीच. एकदा चढलात की चढलात.

मग वाफ आली. २० मार्च १८३० रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुएझकडे निघाली आणि महिन्याभरात पोचली. तिची अडचण मोठी गमतीची होती. वाटेत एडनला कोळसा मिळणार, पण एडनपर्यंत जायला लागणारा कोळसाच इतका, की बोटीत माणसांना जागा उरेना. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. तांबड्या समुद्राने वर जायचं, इजिप्त जमिनीने ओलांडायचा आणि पलीकडे भूमध्य समुद्रात दुसरी बोट धरायची, हे जमण्यासारखं होतं.

या वाटेला इंग्रजांनी नाव दिलं 'ओव्हरलँड रूट'. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर खुश्कीचा मार्ग. आता नकाशा काढून बघा. मुंबई ते सुएझ पाणी. अलेक्झांड्रिया ते इंग्लंड पुन्हा पाणी. जमीन फक्त मधल्या इजिप्तची, आणि त्यातही बराचसा भाग नाईल नदी आणि कालव्यातून. नव्वद टक्के प्रवास ओला, आणि नाव खुश्कीचं!

पण ज्यांनी तो केला, त्यांच्या लक्षात तो कोरडा तुकडाच राहिला असणार. अलेक्झांड्रियाहून येणारा प्रवासी आधी महमुदिया कालव्यातून नाईलला लागे, मग नदीतून कैरोला. कैरो ते सुएझ हे सुमारे १३५ किलोमीटरचं वाळवंट दोन चाकांच्या घोडागाडीत आदळत-आपटत पार करायचं. वाटेत ठरावीक अंतरावर घोडे बदलायचे टप्पे. टपाल, सामान आणि सुएझच्या बोटींसाठी लागणारा कोळसा उंटांवरून जाई. 'बॅग कोण उचलणार' या मावशीच्या प्रश्नाला १८४५ साली उत्तर होतं: उंट.

केपच्या वाटेला लागणारे महिने या वाटेने दीड महिन्याच्या आसपास आले. पुढे रूळ आले. अलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे १८५६ मध्ये, कैरो ते सुएझ १८५८ मध्ये. घोडागाड्या गेल्या, पण बोट–रेल्वे–बोट ही साखळी राहिली.

आणि मग १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला. आता मुंबईत चढलेला माणूस लंडनपर्यंत बोटीतून न उतरता जाऊ शकत होता. आपल्या गोष्टीसाठी ही तारीख महत्त्वाची आहे. तोवर इजिप्तमध्ये उतरणं ही सक्ती होती. कालव्याने ती सक्ती संपवली आणि उतरण्याची हौस करता येऊ लागली.

फुकटचं तिकीट आणि चोरून पाहिलेलं अथेन्स

हौसेचा प्रवास मात्र त्याआधीच सुरू झाला होता. १८४४ मध्ये पी अँड ओ या बोट कंपनीने विल्यम थॅकरे या लेखकाला भूमध्य समुद्राची सफर फुकट घडवली. त्याने त्यावर पुस्तक लिहावं, ही अपेक्षा उघड होती. आजच्या भाषेत हे इन्फ्लुएन्सर मार्केटिंग! थॅकरे एका बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत बदलत कैरोपर्यंत गेला. पाठोपाठ बोटी जोडून केलेला प्रवास म्हणजे बॅक-टू-बॅकचा पणजोबाच म्हणायचा. पुस्तक १८४६ मध्ये आलं.

पण आमच्या ग्रुपवरच्या भांडणात सगळ्यात उपयोगी माणूस निघाला तो मार्क ट्वेन.

८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट निघाली. युरोप आणि पॅलेस्टाइनची पाच महिन्यांची सहल, भाडं १२५० डॉलर. ट्वेन तेव्हा एकतीस वर्षांचा, फारसा कोणाला माहीत नसलेला पत्रकार होता. त्याचं भाडं कॅलिफोर्नियातल्या एका वर्तमानपत्राने भरलं आणि बदल्यात पत्रं मागितली.

या सहलीची योजनाच अशी होती, की ज्याला बोटीत राहायचंय त्याने राहावं, ज्याला उतरायचंय त्याने उतरावं आणि पुढच्या बंदरात बोट गाठावी. ट्वेन सतत उतरत राहिला. मार्सेयला उतरून रेल्वेने पॅरिसला गेला, कारण तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. जिनोआला उतरून मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स करत गेला. सगळ्यात मोठी खुश्की म्हणजे बैरुतला उतरून घोड्यावरून, तंबू ठोकत, दमास्कसमार्गे जेरुसलेम, आणि मग याफाला पुन्हा बोट.

या सहलीत एक मोठी आडकाठी होती. त्या वर्षी भूमध्य समुद्राच्या बंदरांमध्ये कॉलऱ्याची भीती होती. नेपल्सला बोट क्वारंटाइनमध्ये अडकली. ट्वेन रोमहून रेल्वेने नेपल्सला पोचला होता, म्हणून तो मोकळा फिरला आणि त्याचे सहप्रवासी बोटीवर बसून शहर बघत राहिले. पुढे अथेन्सचं बंदर आलं, तर ग्रीक अधिकाऱ्यांनी फर्मावलं, की अकरा दिवस थांबा नाहीतर चालते व्हा. कप्तानाने निघायचं ठरवलं. त्या रात्री ट्वेन आणि आणखी तिघं छोट्या होडीतून गुपचूप किनाऱ्याला लागले, पोलिसांना चुकवत, वाटेतल्या मळ्यांतली द्राक्षं तोडत ॲक्रॉपॉलिसवर चढले, चांदण्यात पार्थेनॉन पाहिलं आणि उजाडायच्या आत परत आले.

१८६९ मध्ये त्याचं 'द इनोसन्ट्स अब्रॉड' आलं, प्रचंड खपलं आणि ट्वेन रातोरात मोठा झाला. मी हे ग्रुपवर टाकलं. काकांनी लगेच तीन अंगठे दाखवले. मावशीने लिहिलं, "तो एकतीसचा होता. मी अडुसष्टची आहे."

धक्क्यावर उभी असलेली गाडी

कालव्यानंतर जमिनीचा प्रवास संपायला हवा होता. झालं उलटंच, कारण त्याच सुमारास रूळही सगळीकडे पसरत होते. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. दोन वर्षांनी टॉमस कुक नावाचा इंग्रज सहल-आयोजक एक छोटा गट घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. अटलांटिक बोटीने, अमेरिका रेल्वेने, पॅसिफिक बोटीने, जपान-चीन-सिंहलद्वीप करत भारतात, कलकत्त्याकडून रेल्वेने मुंबईला, आणि मुंबईहून सुएझची बोट. एकूण २२२ दिवस. बोट आणि रेल्वे एकमेकींना अशा जोडल्या, की दोन्ही मिळून एकच तिकीट वाटावं, हे त्याचं खरं कसब. आज क्रूझ कंपन्या 'क्रूझ-टूर' म्हणून जे विकतात, त्याचा मूळ आराखडा हाच.

लंडनला जाणाऱ्यांपुढेही आता दोन पर्याय होते. पहिला, मुंबईत चढायचं आणि जिब्राल्टरला वळसा घालून थेट इंग्लंडलाच उतरायचं. दुसरा, इटलीतल्या ब्रिंडिसीला किंवा फ्रान्समधल्या मार्सेयला उतरून रेल्वेने युरोप ओलांडायचा. दुसऱ्यात जवळपास आठवडा वाचे, आणि बिस्केच्या उपसागरातल्या कुप्रसिद्ध लाटाही टळत. टपाल तर ब्रिंडिसीमार्गेच धावे. पहिला पर्याय स्वस्त आणि सुटसुटीत होता, कारण सामान एकदाच लावायचं. थोडक्यात, मावशी विरुद्ध काका.

मुंबईच्या टोकालाही हीच रचना उभी राहिली. बॅलार्ड पियरला अगदी धक्क्यावरच रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. विलायतेहून बोट लागली, की साहेब बोटीतून उतरून थेट गाडीत. पंजाब मेलची सुरुवातीची गाडी याच स्टेशनातून सुटायची. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही बोटीच्या वेळा धरून इथून निघे. पुढच्या काळात जगप्रदक्षिणेच्या बोटी मुंबईला लागल्या, की त्यांचे अमेरिकन प्रवासी विशेष गाडीने आग्रा-दिल्ली बघून पुढच्या एखाद्या बंदरात आपली बोट गाठत. आज हे स्टेशन नाही. "आमच्या मेलची मुळं बोटीत आहेत हे मला चौतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही," काकांचा मेसेज आला.

या दोन पर्यायांचं सगळ्यात बोलकं उदाहरण महात्मा गांधींच्या दोन प्रवासांत आहे. १८८८ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांचे गांधी 'क्लाइड' बोटीने मुंबईहून निघाले आणि थेट इंग्लंडला जाऊन उतरले. काट्या-चमच्याची भीती आणि इंग्रजी बोलायची लाज, त्यामुळे बराचसा प्रवास खोलीत बसून, घरून आणलेल्या खाऊवर. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना मात्र ते २९ ऑगस्टला 'राजपुताना' बोटीने निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले आणि फ्रान्स रेल्वेने ओलांडून दुसऱ्या दिवशी लंडनला हजर. परतताना तर त्यांनी जमीनच निवडली. पॅरिस, स्वित्झर्लंडमध्ये रोमां रोलां यांच्याकडे मुक्काम, रोम, आणि मग ब्रिंडिसीहून 'पिल्स्ना' बोट. २८ डिसेंबरला मुंबई.

परिषदेतून हाती फारसं काही लागलं नव्हतं, पण वाटेत उतरल्यामुळे रोलांची भेट झाली. थेट बोटीने आले असते तर झाली नसती.

उतरल्यावर घरी घेतील का?

इथवरच्या गोष्टीत 'उतरायचं का' हा सोयीचा प्रश्न आहे. आपल्याकडे मात्र त्याआधी दुसरा प्रश्न होता: चढायचं का? बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या गोष्टींच्या यादीत समुद्रप्रवास अगदी वर आहे. गांधी निघाले तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या जातपंचायतीने त्यांना बहिष्कृत केलं. १८९१ मध्ये परतल्यावर भावाने त्यांना आधी नाशिकला नेलं, गोदावरीत स्नान घालून शुद्ध करून घेतलं, आणि मग राजकोटला. मुंबई–लंडन प्रवासाचं शेवटचं स्टेशन नाशिक होतं, असंही म्हणता येईल.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि लंडनमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठरा वर्षांची बाई, नवरा सोबत नाही, सोबतीला परक्या मिशनरी स्त्रिया. जवळपास दोन महिने पाणी. त्यांचा तो प्रवास पोचण्यासाठी होता, बघण्यासाठी नव्हे.

तीन वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. रेल्वेने गावोगाव फिरल्या, व्याख्यानं दिली, शाळा पाहिल्या, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. परतताना आल्या वाटेने गेल्या नाहीत. जमिनीने अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठला, सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडला आणि जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या फेब्रुवारीत भारतात आल्या. एका मराठी बाईने, पदरी लहान मुलगी असताना, पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घातली होती. त्याच वर्षी त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालं.

शीर्षकाचा क्रम बघा. आधी लोकस्थिती, मग प्रवास. त्या पुस्तकाचा जीव बंदरांत नाही, आतल्या गावांत आहे. उतरल्याशिवाय ते लिहिलंच गेलं नसतं. मी हे लिहिलं तेव्हा मावशीने पहिल्यांदा अंगठा दाखवला.

बोट हेच गाव

मग आजची क्रूझ आली कुठून? एका व्यापाऱ्याच्या डोकेदुखीतून. आल्बर्ट बालिन हा हँबर्गच्या बोट कंपनीचा कर्ताधर्ता. उत्तर अटलांटिकच्या थंडी-वादळात त्याच्या मोठ्या बोटी हिवाळ्यात रिकाम्या पडत. २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला काढली. जवळपास दोन महिने, मधल्या बंदरांवर उतरून कैरो, जेरुसलेमसारख्या सहली. लोक हसले, पण बोट भरली. १९०० मध्ये त्याने फक्त सहलीसाठीच बांधलेली 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे' पाण्यात सोडली. तिच्यात पहिल्या वर्गाशिवाय दुसरा वर्गच नव्हता.

इथे एक उलटापालट झाली. तोवर बोट म्हणजे कुठेतरी पोचवणारं वाहन. आता बोट हेच ठिकाण, आणि बंदर म्हणजे जेवणांमधलं मध्यंतर. १९२२ मध्ये 'लॅकोनिया' एकाच बोटीने अख्ख्या पृथ्वीभोवती प्रवासी फिरवायला निघाली. कुकच्या गटाला बोटी आणि गाड्या जोडत जावं लागलं होतं. पनामा कालवा झाल्यामुळे आता खोली एकच. मावशीच्या पक्षाचा हा मोठा विजय म्हणायला हवा.

त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला, आजारी माणसाला, व्हीलचेअरवरच्या माणसाला जग बघायचं असेल, तर रोज बिछाना न बदलता ते दाखवणारी दुसरी सोय शोधून सापडायची नाही. उतरण्याची ऐट ही धडधाकट माणसाची ऐट आहे, हे ट्वेनची पानं उलटताना मी विसरलो होतो.

ज्यांना विचारलंच नाही

एका रात्री मावशीने ग्रुपवर न लिहिता मला फोन केला. म्हणाली, "तू एवढं सगळं शोधलंस, त्यात बाबा कुठे आहेत?"

बाबा म्हणजे माझे आजोबा. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. पन्नाशीच्या दशकात एका विलायती कंपनीच्या बोटीवर इंजिनखात्यात होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांची एक पत्र्याची पेटी होती, त्यात बंदरांची रंगीत पोस्टकार्डं. लहानपणी मला वाटायचं, आजोबांनी जग बघितलं.

"त्यांनी काही बघितलं नाही रे," मावशी म्हणाली. "कोळशाचं तोंड आणि बंदराची भिंत. पोस्टकार्डं बोटीवर विकायला यायची."

मुंबईच्या धक्क्याचा इतिहास प्रवाशांच्या बाजूने लिहिला की ही माणसं दिसत नाहीत. इंग्रजी कागदपत्रं त्यांना 'लास्कर' म्हणतात, आपण खलाशी. डेकवर कोकण-गुजरातचे, त्यांच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग. तळाला भट्टीपाशी आगवाले. जेवणघरात आणि खोल्यांमध्ये गोव्याचे बटलर आणि कुक. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून जास्त आशियाई खलाशी होते, म्हणजे दर सहांतला एक जण.

त्यांचा करार वेगळा, पगार गोऱ्या खलाशांच्या मानाने कितीतरी कमी, झोपायची जागा लहान. आणि एक अट अशी, जिच्यामुळे ही गोष्ट आपल्या विषयात येते. १८२३ पासूनचे कायदे आणि त्यावर बेतलेले करार यांचा रोख हा, की या खलाशाला विलायतेत कायमचं उतरू द्यायचं नाही. ज्या देशातून आणला तिथे परत न्यायचा. एका बोटीतून काढून दुसऱ्या परतीच्या बोटीवर चढवलं जाई. लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ मध्ये अशांसाठी एक वसतिगृह निघालं, कारण त्याआधी अडकलेले लोक रस्त्यावर थंडीने मरत. तरीही काहींनी बोटी सोडल्या, लंडन-ग्लासगोमध्ये राहिले, खाणावळी काढल्या. पण बहुतेकांचं आयुष्य एक फेरी, मग दुसरी फेरी, मग तिसरी. बॅक-टू-बॅक.

मुंबईत धोबी तलावाजवळ गोव्यातल्या गावांच्या 'कूड' नावाच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. एका फेरीहून आलेला माणूस पुढच्या फेरीची वाट बघत तिथे पेटी टेकवून पडायचा. आजही मोठमोठ्या क्रूझवर गोवा-मुंबईचे लोक कामाला असतात. सात-आठ महिन्यांचा करार. बोट बंदराला लागते त्या दिवशी जुने प्रवासी उतरतात आणि काही तासांत नवे चढतात, तेव्हा चादरी बदलण्याचं काम सर्वांत जास्त असतं.

"मला बोटीवर का राहायचंय माहितीये?" मावशी म्हणाली. "बाबा ज्या पाण्यावरून गेले त्यावर मला खुर्ची टाकून नुसतं बसायचंय. चौदा दिवस. कोणी काही काम सांगणार नाही असं." गुडघ्यांची गोष्ट खोटी नव्हती, पण पूर्णही नव्हती. यावर मला काही बोलता आलं नाही.

१८८६ चा कायदा आमच्या घरात

शेवटी एक तोडगा मावसभावाने काढला. त्याने शोधलं, की एक बोट आधी सिॲटलहून व्हँकुव्हरला जाते आणि तीच पुढे व्हँकुव्हरहून व्हिटियरला. दोन्ही तुकडे पाठोपाठ घेतले, तर मावशीला घराजवळच चढता येईल, बोटीवर जास्त दिवस मिळतील, आणि व्हिटियरला उतरून काकांना रेल्वेही मिळेल. सगळे खूश. पण कंपनीने सांगितलं, असं करता येणार नाही. दोन्ही फेऱ्यांत जागा होती, पैसे द्यायची तयारी होती, तरी नाही.

कारण निघालं एक जुनं कागदाचं पान. १८८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की परदेशी जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी उचलून अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडायचा नाही. हेतू होता अमेरिकन बोट-मालकांचा धंदा वाचवायचा. आज जवळजवळ सगळ्या मोठ्या क्रूझ बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परदेशी. सिॲटल अमेरिकेत, व्हिटियरही अमेरिकेत. मधे कॅनडाचं व्हँकुव्हर आलं तरी भागत नाही. एकाच बोटीवर पाठोपाठचे दोन तुकडे कायद्याला एकच प्रवास दिसतात. अलास्काच्या बहुतेक एकमार्गी क्रूझ कॅनडातल्या व्हँकुव्हरहून का सुटतात, त्याचंही उत्तर हेच. २०२१ मध्ये महामारीमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा अलास्काचा हंगाम बुडू नये म्हणून अमेरिकन संसदेला या कायद्यातून तात्पुरती सूट द्यावी लागली होती.

त्यावर काका म्हणाले, "अगं, मग सिॲटलहून व्हँकुव्हरला गाडीने जाऊ. तेवढी माझी. पुढची बोट जाता-येता, तुझी." म्हणजे व्हँकुव्हर ते व्हिटियर आणि परत, कॅनडातून निघून कॅनडात परत, कायद्याची अडचण नाही. चौतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाने डेनालीची गाडी सोडली. मी मुळात तटस्थ होतो, पण त्या क्षणी मला काकांचं फार कौतुक वाटलं.

मावशीने मात्र दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर लिहिलं: बोट एकाच बाजूची घ्या. सात दिवस बसून होईल. व्हिटियरला उतरू. बाबांना जिथे उतरायला मिळालं नाही तिथे मी चढूनच बसले, तर त्यांना ते आवडणार नाही.

खाली दुसरा मेसेज होता: गाडीत बॅग कोण उचलणार ते मात्र आत्ताच ठरवा.

काकांनी तिसऱ्या मिनिटाला उत्तर दिलं, "मी." मग आणखी एका मिनिटाने: "छोटी बॅग घे."